बारा शब्द ठेवशील कुठं?

*पहिलं बिटकॉइन घ्यायचं म्हणता? घ्या किंवा नका घेऊ. पण त्याआधी ते ठेवायचं कुठं आणि किल्ली कुणाच्या हातात द्यायची, हे ठरवा. आलापल्लीतल्या एका दोस्तासोबत बसून केलेल्या या उद्योगाची गोष्ट.*

‘‘भाऊ, पैसे दिसून राहिले, पण निघून नाही राहिले.’’

आलापल्लीच्या चौकात चहाच्या टपरीवर बसलो होतो. नुकताच पाऊस सुरू झालेला. दोस्तानं मोबाइल माझ्यापुढं सरकवला. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत ४१ हजार रुपये. त्यानं टाकले होते १८ हजार. तेंदूपत्त्याच्या हंगामात फळीवर हिशेब लिहायचं काम केलं होतं, त्याचे ते पैसे. टेलिग्रामवरच्या कुठल्याशा ग्रुपमध्ये कुणीतरी लिंक दिली, त्यावरून यानं ॲप उतरवून घेतलं. प्ले स्टोअरवर नव्हतंच ते. रोज आकडा वाढत होता. काढायला गेला तर मेसेज आला, ‘आधी ३० टक्के कर भरा, मग रक्कम मोकळी होईल.’ म्हणजे १२ हजार ३०० रुपये. पठ्ठ्या ते पण भरायच्या तयारीत होता. उधार मागायलाच आला होता माझ्याकडं.

चोरांची हुशारी बघा. आपल्याकडं क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, हे खरंच आहे. १ एप्रिल २०२२ पासून आहे. म्हणून आकडा खरा वाटतो. पण तो कर आपण आपल्या रिटर्नमध्ये सरकारकडं भरतो, ॲपवाल्याच्या यूपीआयवर नाही. विकताना जो १ टक्का टीडीएस कापला जातो, तोही विक्रीच्या रकमेतूनच कापतात. ‘पैसे काढायचे तर आधी पैसे भर’ असं कोणी म्हटलं की तिथंच समजायचं.

१९३० ला फोन लावला, तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. पैसे अजून आलेले नाहीत. मला वाटलं, पोरगा आता बिटकॉइनचं नाव काढणार नाही. पंधरा दिवसांनी तोच परत.

‘‘आता खरं घ्यायचं हाय. तीनच हजाराचं. पण माझ्या हातात पाह्यजे.’’

‘माझ्या हातात’ म्हणजे नक्की काय, यावर आम्ही दोन रविवार घालवले.

लठ्ठा सगळ्यांना दिसतो, हातोडा एकाकडं असतो

वॉलेट म्हटलं की आपल्याला वाटतं पाकीट. त्यात नोटांसारखी बिटकॉइनं ठेवलेली. तसं काही नसतं. बिटकॉइन फोनमध्ये नसतं, पेन ड्राइव्हमध्ये नसतं, कंपनीच्या तिजोरीतही नसतं. ते एका वहीत असतं. जगभरच्या हजारो कॉम्प्युटरवर त्या वहीची एकसारखी प्रत आहे आणि २००९ च्या जानेवारीपासूनचा प्रत्येक व्यवहार तिच्यात लिहिलेला आहे. कोणीही उघडून बघू शकतो.

आलापल्लीच्या पोराला हे समजवायला पुस्तक लागत नाही. इथला लाकूड डेपो त्यानं लहानपणापासून पाहिलाय. सागवानाचे लठ्ठे उघड्यावर पडलेले. प्रत्येकावर नंबर, प्रत्येकाची लांबी आणि गोलाई नोंदवलेली. लिलावाला येणारा कोणीही बघू शकतो, हात लावू शकतो. पण बघितलं म्हणून लठ्ठा त्याचा होत नाही. वनखात्याच्या शिक्क्याच्या हातोड्याचा ठसा लागतो, टीपी लागते, तेव्हा कुठं ट्रक नाक्यावरून सुटतो. म्हणून लाकूड उघड्यावर पडलेलं असतं आणि हातोडा कुलपात.

बिटकॉइनचं वॉलेट म्हणजे तो हातोडा. वहीत तुमच्या नावावर काही आहे, म्हणजे खरं तर नावावर नाही, एका पत्त्यावर आहे. तो पत्ता सगळ्यांना दिसतो, द्यायलाही हरकत नाही, त्यावर कोणीही पैसे पाठवू शकतो. पण तिथून हलवायचे तर खासगी किल्लीचा ठसा लागतो. ज्याच्याकडं किल्ली, तो मालक. वहीला नाव माहीत नाही, आधार माहीत नाही, पोलिस पाटील माहीत नाही.

‘‘म्हणजे माह्या ॲपमधे...’’

‘‘तुझ्या त्या ॲपमध्ये लठ्ठाही नव्हता अन् हातोडाही नव्हता. नुसता लठ्ठ्याचा फोटो होता.’’

खऱ्या कंपनीतही हेच वाक्य

इथपर्यंत ऐकून अनेकजण म्हणतील, मग नीट नोंदणी असलेल्या एक्सचेंजवर घ्यावं, विषय संपला. एक्सचेंज म्हणजे रुपये देऊन क्रिप्टो विकत घ्यायचा बाजार. पॅन आणि आधार मागणारं, सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडं नोंदणी असलेलं एक्सचेंज त्या टेलिग्रामच्या ॲपपेक्षा लाख पटीनं बरं, यात वाद नाही. खरेदी तिथंच करा. अनोळखी माणसाकडून थेट यूपीआयवर घेऊ नका. समोरच्याचा पैसा फसवणुकीतला निघाला की तुमचं बँक खातं गोठवलं जातं, आणि मग गडचिरोलीतून दुसऱ्या राज्यातल्या सायबर ठाण्याला फोन करत बसा.

पण विकत घेणं वेगळं आणि ठेवणं वेगळं. एक्सचेंजवर दिसणारं बिटकॉइन हे त्यांच्या किल्ल्यांखाली असतं. तुमच्याकडं असतो फक्त त्यांच्या ॲपचा पासवर्ड. म्हणजे हातोडा त्यांचा, तुमच्या हाती पावती.

मुंबईच्या वझीरएक्सचं उदाहरण फार जुनं नाही. १८ जुलै २०२४. देशातल्या सगळ्यात मोठ्या एक्सचेंजपैकी एक. त्यांच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास २ हजार कोटी रुपयांची क्रिप्टो चोरीला गेली. ते वॉलेट काही साधंसुधं नव्हतं. व्यवहार सुटायला अनेक जणांच्या सह्या लागत होत्या, सह्या करणारे हार्डवेअर वॉलेट वापरत होते. तरी गेलं. कंपनीच्या म्हणण्यानुसार स्क्रीनवर दिसत होतं एक आणि सही होत होती भलत्यावरच. पुढं जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी एकत्र निवेदन काढून या चोरीमागं उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचं सांगितलं.

त्यात एक गंमत आहे, अर्थात ज्यांचे अडकले त्यांच्यासाठी नाही. चोरीला गेलेली नाणी होती इथेरियमच्या साखळीवरची. ज्यांनी नुसतं बिटकॉइन घेतलं होतं त्यांचं बिटकॉइन चोरांनी नेलंच नव्हतं. तरी त्यांनाही ते काढता येईना. सगळ्यांचं खातं एकत्र, तोटाही एकत्र. प्रकरण सिंगापूरच्या कोर्टात गेलं, परतफेडीची योजना ठरली, मतदान झालं, आणि व्यवहार पुन्हा सुरू झाले ऑक्टोबर २०२५ मध्ये. सव्वा वर्ष लोक ॲप उघडून आकडा बघत बसले. दिसून राहिले, पण निघून नाही राहिले.

जुलै २०२५ मध्ये कॉइनडीसीएक्सचे सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर गेले. ते कंपनीच्या स्वतःच्या खात्यातले होते, नुकसान तिनं सोसलं, ग्राहकांना झळ बसली नाही. म्हणजे प्रत्येक वेळी बुडतंच असं नाही. पण बुडणार की नाही, हे तुमच्या हातात नसतं एवढं खरं.

आणि पुण्यातून गाजलेलं गेनबिटकॉइन? तिथं तर लोकांनी आपलं बिटकॉइन स्वतःच्या हातानं दिलं होतं. महिन्याला १० टक्के, १८ महिने, अशी थाप. २०१८ मध्ये मुख्य आरोपी अमित भारद्वाजला पुणे पोलिसांनी पकडलं, २०२२ च्या जानेवारीत तो वारला. त्यानंतर सुप्रीम कोर्टाला त्याच्या भावाला सांगावं लागलं की वॉलेटचं युजरनेम आणि पासवर्ड ईडीकडं दे. देशातलं सर्वोच्च न्यायालयसुद्धा किल्लीशिवाय त्या वहीतला एक पैसा हलवू शकत नाही! त्यावर कडी म्हणजे तपासात मदत करायला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये अटक केली. जप्तीतली काही क्रिप्टो त्यांनी स्वतःच्या वॉलेटमध्ये वळवली, असा आरोप.

दोस्त म्हणाला, ‘‘मंग भाऊ, किल्ली आपल्याच घरी बरी.’’

थांब. किल्ली घरी आणली की चोर, उंदीर, पाऊस आणि स्वतःचा वेंधळेपणा, हे सगळंही घरी येतं.

कोणतं घ्यायचं?

इथं यूट्यूबवाले दहा वॉलेटांची यादी देतात. मी देणार नाही. सुरुवात करणाऱ्याला दोनच प्रश्न पुरतात. किल्ली मला मिळते का? आणि त्याचा कोड उघडा आहे का, म्हणजे जगातल्या चार जाणकारांनी तो वाचलेला असू शकतो का?

फोनवर ब्लूवॉलेट आहे, बिटकॉइनपुरतंच आहे, उघड्या कोडचं आहे. लॅपटॉप असेल तर स्पॅरो आहे, इलेक्ट्रम आहे. इलेक्ट्रम २०११ पासूनचं, म्हणजे या धंद्यातलं म्हातारं. पण एक लक्षात ठेवा, इलेक्ट्रमचे शब्द त्याच्या स्वतःच्या पद्धतीनं बनतात. ते शब्द दुसऱ्या ॲपमध्ये टाकले तर बहुतेक वेळा चालत नाहीत आणि माणूस घाबरून जातो. कागदावर शब्दांसोबत कोणत्या वॉलेटचे शब्द आहेत तेही लिहा.

हार्डवेअर वॉलेट म्हणजे पेन ड्राइव्हसारखं छोटं यंत्र. किल्ली त्याच्या बाहेर येत नाही, व्यवहारावर सही आतच होते. पहिलं ट्रेझर २०१४ मध्ये आलं, चेक देशातलं. फ्रान्सचं लेजरही प्रसिद्ध. त्याला काही हजार रुपये पडतात. तीन हजाराच्या बिटकॉइनसाठी असलं यंत्र घेणं म्हणजे कोंबडीसाठी गोठा बांधणं. पण उद्या रक्कम एवढी झाली की फोन हरवला तर झोप उडेल, तेव्हा घ्या. घ्याल तेव्हा थेट कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडून. वापरलेलं, स्वस्तातलं, ‘शब्द आधीच लिहून दिलेले आहेत’ असलं काही आलं तर चुलीत घाला. २०२० मध्ये लेजरच्या गिऱ्हाइकांची माहिती फुटली, नावं, पत्ते, फोन सगळं. पुढं काही जणांच्या घरी चक्क पोस्टानं नकली यंत्रं आली, सोबत कंपनीच्या नावाचं पत्र. घेतलेलं आहे हे चार लोकांना सांगू नका, ते एवढ्यासाठीच.

आपल्याकडं अजून एक सवय आहे. ॲप टाकायचं म्हटलं की मोबाइलच्या दुकानात जायचं. ‘दादा, एवढं टाकून दे ना.’ दुकानदार भला माणूस असतो, टाकून देतो, पिनही तोच ठेवून देतो. बाकी कशासाठीही चालेल. यासाठी नाही. ॲप स्वतः टाका, वॉलेटच्या अधिकृत वेबसाइटवरून प्ले स्टोअरची लिंक धरून टाका. प्ले स्टोअरवर नाव शोधलं की सारख्याच चिन्हाचे तोतयेही दिसू शकतात. दोस्तानं पहिल्यांदा शोधून जे उघडलं ते मी बंद करायला लावलं. तो नकली होता की नाही, मला सांगता नसतं आलं. तीच तर अडचण आहे.

बारा शब्द

ॲपनं बारा शब्द दाखवले. इंग्रजी, साधे, शाळेतले. एकमेकांशी काही संबंध नसलेले.

‘‘हा पासवर्ड हाय का?’’

पासवर्ड नाही. पासवर्ड विसरला तर ‘फरगॉट पासवर्ड’ असतं. इथं तसं बटण नाही, कस्टमर केअर नाही, मॅनेजर नाही. हे बारा शब्द म्हणजेच किल्ली. २,०४८ शब्दांची एक ठरलेली यादी आहे, त्यातून ॲप चिठ्ठ्या काढल्यासारखे बारा निवडतं. एकूण शक्यता मोजायच्या तर ३ वर ३८ शून्यं द्यावी लागतात, म्हणून कोणी अंदाजानं ओळखणार नाही. पण वाचून? वाचणाऱ्याला फोन लागत नाही, पिन लागत नाही, तुमचा अंगठा लागत नाही. बारा शब्द त्याच्या फोनमध्ये टाकले की तो मालक.

ती यादी जपानी, कोरियन, फ्रेंच, स्पॅनिश अशा काही भाषांत आहे. मराठीत नाही, हिंदीत नाही. माडिया-गोंडीत असती तर चोरांची चांगलीच पंचाईत झाली असती, असं दोस्त म्हणाला. तूर्त इंग्रजीच. ज्यांचं स्पेलिंग कच्चं त्यांच्यासाठी दिलासा एवढाच की यादीतल्या कोणत्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नाहीत. चार अक्षरं नीट लिहिली तरी शब्द ओळखता येतो. आपल्या मनानं बारा शब्द रचू नका मात्र. माणसाच्या मनातले शब्द दुसऱ्या माणसाला सुचतात.

त्यानं सवयीनं स्क्रीनशॉट घ्यायला बोटं नेली. मी हात धरला. हाच सगळ्यात जास्त घात करणारा प्रकार. फोटो गॅलरीत जातो, गॅलरी आपोआप गुगलवर चढते, फोन दुरुस्तीला गेला की दुकानात उघडा पडतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या कंपनीनं दाखवून दिलं होतं की काही ॲप, तीही प्ले स्टोअर आणि ॲपलच्या स्टोअरवरची, फोनच्या गॅलरीतले फोटो वाचून हेच शब्द शोधत होती. स्वतःला व्हॉट्सॲप करून ठेवणं, ड्राइव्हवर टाकणं, झेरॉक्स काढणं, लॅमिनेशनला देणं, सगळं त्याच माळेतलं.

पेन आणि कागद. तेवढंच.

‘उडव आता ॲप’

पहिल्यांदा पैसे नाही टाकले. मी माझ्या वॉलेटमधून त्याला ५०० रुपयांच्या आसपासचे बिटकॉइन पाठवले. वाढदिवसाचं समज म्हटलं. अख्खं बिटकॉइन लाखांच्या घरात असलं तरी त्याचे १० कोटी तुकडे होतात, एकेक तुकडा म्हणजे सातोशी. त्यामुळं ५०० रुपयांचंही मिळतं.

त्यानं पत्ता दिला. बीसी१ नं सुरू होणारी लांबलचक माळ. ती हातानं लिहायची नाही, क्यूआर स्कॅन करायची किंवा कॉपी करायची, आणि कॉपी केल्यावरही सुरुवातीची आणि शेवटची काही अक्षरं जुळवून बघायची. कॉपी केलेला पत्ता मधल्यामध्ये बदलणारे व्हायरस आहेत. चुकीच्या पत्त्यावर गेलेलं परत आणणारं कोणी नाही.

साधारण दर दहा मिनिटांनी वहीचं नवं पान जोडलं जातं. आम्हाला पंचवीस मिनिटं लागली. दोन कट चहा झाले. मग आकडा पक्का झाला.

‘‘उडव आता ॲप.’’

‘‘आँ?’’

‘‘उडव. फोन प्राणहितेत पडला समज.’’

त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. १८ हजार गमावलेला माणूस, ५०० रुपयांचं ॲप पुसायला त्याचा अंगठा पुढं होईना. शेवटी पुसलं. परत उतरवलं. ‘जुनं वॉलेट आणा’ यावर गेला, कागद बघून बारा शब्द टाकले. ॲप म्हणालं, शब्द चुकीचे आहेत.

पुन्हा टाकले. पुन्हा तेच.

मी कागद घेतला. स्पेलिंग सगळी बरोबर. मग लक्षात आलं. त्यानं शब्द सहा-सहाच्या दोन उभ्या रांगांत लिहिले होते, पहिली रांग वरून खाली, मग दुसरी. वाचताना मात्र आडवे वाचत होता. आकडे टाकलेले नव्हते. क्रम बदलला की किल्ली बदलते. उभे वाचून टाकले आणि ५०० रुपये परत दिसले.

हाच प्रकार दोन वर्षांनी, फोन बिघडल्यावर, आत पन्नास हजार असताना झाला असता तर? म्हणून मोठी रक्कम टाकायच्या आधी एकदा उडवून बघाच. स्टीफन थॉमस नावाचा प्रोग्रामर पासवर्ड लिहिलेला कागद हरवून बसलाय, आत ७,००२ बिटकॉइन आहेत. वेल्समधल्या जेम्स हॉवेल्सची हार्ड ड्राइव्ह २०१३ मध्ये कचऱ्यात गेली, सुमारे ८ हजार बिटकॉइन, आणि कचरा उकरायची परवानगी मागत तो कोर्टापर्यंत गेला. २०२५ च्या जानेवारीत कोर्टानं दावा फेटाळला. दोघंही कॉम्प्युटरमधले जाणकार. वेंधळेपणाला डिग्री लागत नाही.

वाळवी, पाऊस आणि ओटीपी

कागद कुठं ठेवायचा, यावर दुसरा रविवार गेला. आमच्याकडं पावसाळ्यात वहीची पानं ओली नसूनही ओली लागतात, आणि उरलेलं वाळवी बघते. दोस्ताच्या घरची भिंत अर्धी मातीची. कागद एका पावसाळ्याचाही भरवसा नाही.

लोक यासाठी महागड्या धातूच्या पट्ट्या मागवतात. आमच्याकडं वेल्डिंगच्या दुकानातून तळहाताएवढी स्टीलची पट्टी मिळाली, आणि अक्षरांचे लोखंडी ठसे चंद्रपूरहून मागवले. भांड्यावर नाव कोरून देणाऱ्याकडं जायचं त्याच्या मनात होतं. मी म्हटलं, तो वाचेल ना बाबा. मग स्वतःच ठोकलं, घरामागं, उखळीच्या दगडावर ठेवून. बारा शब्द, प्रत्येकाची पहिली चार अक्षरं, आधी आकडा. शेजारच्या काकांनी विचारलं काय करून राह्यला, तर म्हणाला कॉलेजचं प्रोजेक्ट.

ओटीपीचा प्रश्न वेगळा. तो आता सुरजागडकडं कामाला जातो आणि वाटेत मोबाइलची रेंज जाते-येते. पावसाळ्यात भामरागडच्या बाजूला पर्लकोटेला पूर आला की रस्ता, वीज, नेटवर्क सगळंच जातं. एक्सचेंजच्या खात्यावर दुसरं कुलूप म्हणून मेसेजवर येणारा ओटीपी ठेवला तर तो हवा तेव्हा येत नाही. शिवाय डुप्लिकेट सिम काढून ओटीपी पळवणारे आहेतच. त्याऐवजी ऑथेंटिकेटर ॲप. दर ३० सेकंदांनी नवा आकडा, फोनमध्येच तयार होतो, रेंज नसली तरी चालतो. ते सुरू करताना बॅकअप कोड मिळतात, तेही कागदावर. ईमेलचा पासवर्ड वेगळा आणि तगडा ठेवा, कारण बाकी सगळ्यांची दारं ईमेलवरूनच उघडतात.

मग एक गोष्ट निघाली जी मी त्याला आधी सांगायला हवी होती. त्याचं तीन हजाराचं बिटकॉइन एक्सचेंजवरून लगेच काढता येईना. अनेक ठिकाणी बाहेर पाठवायची किमान मर्यादा असते आणि वर ठरलेलं शुल्क. तीनशे पाठवा की तीन लाख, शुल्क तेवढंच. छोट्या रकमेचा मोठा घास जातो. काही ॲपवर बाहेर पाठवायची सोय मिळायलाच वेळ लागतो. म्हणून खातं उघडायच्या आधी ‘विड्रॉ’चे नियम वाचा. पाठवताना नेटवर्क निवडायला सांगितलं तर बिटकॉइनचंच निवडा. शुल्क कमी दिसतं म्हणून भलतं निवडलं की माल भलत्याच डेपोत. दोस्तानं ठरवलं, मर्यादा ओलांडेपर्यंत एक्सचेंजवर राहू दे, ओलांडली की त्याच दिवशी घरी. मला हे व्यवहारी वाटलं. घरी आणलं म्हणजे विकलं असं होत नाही, पण कधी, किती, काय भावानं घेतलं ते वहीत लिहून ठेव म्हटलं. रिटर्नमध्ये क्रिप्टोचा वेगळा रकाना आहे, आणि एकात झालेला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करू देत नाहीत.

तीन हजार का, पाच का नाही, हेही मी विचारलं. तो म्हणाला, ‘‘तेवढे बुडले तरी आई बोलणार नाही.’’ भाव अर्ध्यावर येणं या धंद्यात नवीन नाही, त्यामुळं त्याचं गणित बरोबर होतं.

पेटी

राहिली होती आई. किल्ली फक्त आपल्यालाच माहीत, असं ठेवलं आणि आपल्याला काही झालं तर? कॅनडातल्या क्वाड्रिगा एक्सचेंजचा मालक डिसेंबर २०१८ मध्ये जयपूरला फिरायला आलेला असताना वारला. किल्ल्या एकट्या त्याच्याकडं होत्या असं कंपनीनं सांगितलं आणि हजारो लोक अडकले. पुढं चौकशीत निघालं की त्यानं आधीच बरंच उडवलं होतं, ती गोष्ट वेगळी. पण ट्रकांच्या रस्त्यावरून रोज मोटारसायकलनं कामावर जाणाऱ्या पोराच्या घरात हा विषय निघायलाच हवा.

तर त्यानं आईला समोर बसवून सांगितलं. त्याच्या परीनं. माउलीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘भिशीवानी हाय का हे?’’

‘‘नाही माय. भिशीत बाकीचे लोक असतात.’’

‘‘मंग यात कोण हाय?’’

याला काय उत्तर द्यावं ते त्याला सुचेना, मलाही नाही. शेवटी एवढंच ठरलं की ही पट्टी कोणाला दाखवायची नाही, फोनवर कोणी विचारलं, बँकेचा साहेब म्हणून विचारलं, पोलिस म्हणून विचारलं, तरी वाचून दाखवायची नाही. मला काही झालं तर ही पट्टी अन् ही चिठ्ठी घेऊन या भाऊकडं जायचं, म्हणजे माझ्याकडं. चिठ्ठीत वॉलेटचं नाव आणि काय करायचं ते मराठीत लिहिलंय. शब्द नाहीत. दुसरी पट्टी ठोकून अहेरीला बहिणीकडं ठेवायची आहे, घराला आग लागली तर म्हणून. ती अजून व्हायची आहे.

आईनं पट्टी पदरानं पुसली आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. आत वनहक्काचा पट्टा, राशन कार्ड, पोराची जातीची आणि दहावीची सर्टिफिकेटं, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलं. त्यातच पट्टी ठेवली.

पेटीला कुलूप नव्हतं. इतकी वर्षं कधी लागलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं चौकातल्या दुकानातून आणलं, नव्वद रुपयांचं, दोन किल्ल्यांचं. एक आईच्या गळ्यातल्या दोऱ्यात आहे.